शालन, बसून राहू नकोस

सातारा,
14 डिसेंबर

प्रिय शालन,

तुझा निरोप ऐकला. फोनवरच उत्तर देणार होते, पण म्हटलं, हे तुला सावकाश पुन्हा वाचता यायला हवं आणि लेकालाही वाचून दाखवता यायला हवं. म्हणून सरळ कागद घेतला. भाचा याचे फोटो काढून तुला पाठवील.

इकडे थंडी चांगलीच पडलीय. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं असतं आणि आठ वाजले तरी स्वेटर काढावासा वाटत नाही. तुमच्या ऑकलंडला आता उन्हाळा. म्हणजे खरं तर तुझे बाहेर हिंडायचे दिवस, आणि नेमकी तू घरात बसलीयस.

ओल्या लाकडी पायरीवरून पाय सरकला, मांडी काळीनिळी झाली, पण हाड शाबूत राहिलं. देवाची कृपा. मला लागून राहिलं ते तू पुढे जे सांगितलंस ते. ‘आता खाली बागेत जात नाही, कपडे सून वाळत घालते, चहा खोलीतच येतो, दुपारभर खिडकीशी बसते. जपून आहे.’ शालन, आपण दोघींनी हाडांच्या वॉर्डात उमेदीची वर्षं काढली. असं जपून बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते आपल्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?

आठवतो का तो जुना वॉर्ड? खुबा मोडलेल्या आज्यांची खिडकीकडची रांग. पायाला चिकटपट्टी लावून दोरी बांधलेली, ती कप्पीवरून खाली सोडलेली, टोकाला वाळूची पिशवी लटकतेय आणि पलंगाची पायथ्याकडची बाजू विटांवर उचललेली. सहा सहा, आठ आठ आठवडे त्या तशाच उताण्या. तेव्हा ऑपरेशनची सोय सगळीकडे नव्हती, इलाज तोच होता. आपण दर दोन तासांनी कूस बदलायचो, पाठीला स्पिरिट आणि पावडर लावायचो, छातीवर थापट्या मारून कफ सुटा करायचो. कधी कधी हाड जुळायचंसुद्धा. पण तोवर आजीच्या पायांच्या काड्या झालेल्या असायच्या. कुणाच्या माकडहाडावर जखम, कुणाला न्यूमोनिया, कुणाच्या पायात रक्ताची गुठळी. ‘खुबा मोडला आणि गेली’ असं घरचे म्हणायचे. त्यातल्या कितीतरी जणी हाडाने गेल्या नाहीत, अंथरुणाने गेल्या.

आज तोच खुबा मोडला तर डॉक्टर शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करतात आणि लगेच दुसऱ्या दिवशी हातात वॉकर देऊन उभं करतात. पेशंट कळवळतो, नातेवाईक भांडायला उठतात, तरी उभं करतात. जिचं हाड मोडलंय तिलासुद्धा जर दुसऱ्या दिवशी चालवतात, तर जिचं काहीच मोडलेलं नाही तिने खिडकीशी का बसायचं? मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे. पडण्याची भीती खोटी नाही. पण पडू नये म्हणून बसून राहिलं की पुढचं पडणं आपण स्वतःच जवळ आणतो.

हे मी नुसतं मनचं सांगत नाही. 2007 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू झडला. फक्त दहा दिवसांत! तू आता किती आठवडे खोलीत आहेस, ते मी विचारत नाही. पण पाय कमजोर झाला की पाऊल उचललं जात नाही, घासत जातं. घासत जाणारं पाऊल उंबऱ्याला, चटईच्या कडेला, साडीच्या काठाला अडकतं. मग तोल जातो, तोल गेला की भीती वाढते आणि भीती वाढली की माणूस आणखी बसतो. पासष्टीच्या पुढच्या दर तिघांतला जवळजवळ एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले पुष्कळ जण थोडं खरचटून उठतात. पण त्यानंतर ते जे चालायचं सोडतात, त्याची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही.

यावरचं उत्तम औषध तुझ्याच देशात तयार झालंय, हे तुला माहीत आहे का? तुमच्या दक्षिण बेटावर डनेडिनला ओटागो विद्यापीठ आहे. तिथल्या जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन या दोघांनी नव्वदच्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचे व्यायाम बसवले. पहिली चाचणी 1997 साली छापून आली, ती ऐंशी आणि त्यापुढच्या 233 बायकांवर केलेली होती. पंचाहत्तरीच्या आतल्या आपण त्यांच्यापुढे पोरीच! पुढच्या सगळ्या चाचण्या मिळून असं दिसलं, की हे व्यायाम करणाऱ्यांचं पडणं साधारण 35 टक्क्यांनी कमी झालं, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो ऐंशीच्या पुढच्यांना. आता तो कार्यक्रम जगभर ‘ओटागो’ याच नावाने शिकवतात. तुमच्याकडे अपघाताचा खर्च उचलणारी जी एसीसी आहे ना, तीच ज्येष्ठांच्या ताकदीच्या आणि तोलाच्या वर्गांना पाठबळ देते, कारण मोडलेल्या खुब्यापेक्षा वर्ग स्वस्त पडतो. सुनेला म्हणावं, चहा वर आणून देण्याऐवजी जवळ कुठे असा वर्ग चालतो ते शोधून दे आणि पहिल्या दिवशी सोबत ये.

तोवर घरात काय करायचं, ते सांगते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहा, दोन्ही हातांनी कड धर. टाचा उचल, सावकाश खाली. मग पंजे उचल, टाचांवर राहा. मग एका पायावर, धरूनच. हळूहळू एका हाताने धर, मग दोन बोटांनी, मग नुसता हात कडेच्या वर ठेव. त्यानंतर ओट्याला धरून टाचेला बोटं लावत एका रेषेत चाल. आणि खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. उठणं महत्त्वाचं आहेच, पण बसताना धपकन अंग टाकायचं नाही. बैठक लागेपर्यंत मांड्यांनी वजन पेललं पाहिजे. मांड्या थरथरायला लागल्या की समज, काम होतंय. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टला दाखवून घे, कारण तुझी उजवी मांडी अजून दुखरी आहे. पुढे घोट्याला बांधायची वजनं मिळतात, ती तोच सांगेल. दिवसाआड अर्धा तास एवढंच, आणि मधल्या दिवसांत चालणं.

नुसतं चालणं पुरत नाही का, असं तू विचारणार. इथले आमचे बहुतेक पेन्शनर तेच म्हणतात. तुला तर माहीत आहे, सातारा म्हणजे पेन्शनरांचं गाव. सकाळी पोवई नाक्यापासून चार भिंतींच्या टेकडीपर्यंत माकडटोप्या घातलेली सगळी मंडळी चालत असतात. चालणं हृदयाला उत्तम, साखरेला उत्तम, मनाला तर फारच उत्तम. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालून मांडीची ताकद वाढत नाही आणि तोलही फारसा सुधारत नाही. त्यासाठी स्नायूला ओझं द्यावं लागतं, तोलाला अवघड जागी उभं करावं लागतं. आमच्या बायकांच्या गटात आता चालून झालं की भिंतीशी उभं राहून टाचा-पंजे होतात. सुरुवातीला रस्त्यावरून जाणारी पोरं बघायची. आता त्यांना सवय झाली, आम्हालाही.

आणि ‘आता या वयात काय ताकद येणार’ हे तर बोलूच नकोस. 1990 साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांनी, ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांची पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली होती. दोघांची काठी सुटली. नव्वदीत, शालन!

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल बोलते. जमिनीवरून उठणं.

लहानपणी आपण दिवसातून किती वेळा खाली बसत-उठत होतो, मोजदाद नव्हती. पाटावर जेवण, विळीवर भाजी, चुलीपुढे भाकरी, दगडावर धुणं, गौरीच्या रात्री फुगड्या. आया-आज्या सत्तरीतही गुडघ्यावर हात टेकून का होईना, पण उठायच्या. मग ओटा आला, टेबल-खुर्ची आली, कमोड आलं. दुखऱ्या गुडघ्यांना त्याचा मोठाच आधार झाला आणि तो सोडा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण त्याबरोबर दिवसाकाठच्या त्या बैठका सुटल्या, आणि त्यांच्या जागी आपण दुसरं काही आणलं नाही. ब्राझीलच्या डॉ. अराउझोंनी 2012 साली 51 ते 80 वयाच्या दोन हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, हात-गुडघा टेकला की प्रत्येक आधाराला एक गुण कमी. ज्यांना फारच आधार लागायचा, त्यांचं पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आपली आजी असा अभ्यास न करताच सून बघायला गेल्यावर मुलगी उठते-बसते कशी, ते आधी बघायची.

गुण मोजत बसू नकोस, ते डॉक्टरांसाठी. तू फक्त हे बघ, की तुला कसंही का होईना, जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येतं की नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त मास्तर, एकटेच राहतात, ते रात्री पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात घसरले. काहीही मोडलं नाही. पण उठता येईना. सकाळी भांडीवाली येईपर्यंत थंड फरशीवर पडून होते. आम्ही आत गेलो तेव्हा ओठ निळे, अंग गारठलेलं, आणि सारखं एकच, ‘अहो, मला काही झालेलं नाही, फक्त उठता येत नाहीये.’ चार दिवस दवाखान्यात काढावे लागले, ते पडण्यामुळे नव्हे, रात्रभर फरशीवर राहिल्यामुळे.

म्हणून हे नीट वाच आणि कुणीतरी शेजारी असताना गादीवर करून बघ. पडल्यावर ताडकन उठायचं नाही. दोन-चार श्वास घ्यायचे, हात-पाय हलवून बघायचे. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, खुब्यात असह्य कळ आहे, तर हलायचंच नाही, हाक मारायची. आणि कुणी मालिशवाला बोलावला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. असा ओढलेला पाय घेऊन आलेले पेशंट आपण पाहिलेत. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठायचा. तसं काही नसेल तर आधी कुशीवर वळायचं. कोपरावर भार देऊन अंग उचलायचं, मग हात आणि गुडघ्यांवर रांगत्या पोरासारखं यायचं. रांगतच जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही तळवे बैठकीवर रोवायचे, जो पाय जास्त ताकदीचा तो पुढे आणून पाऊल टेकवायचं, हातांनी आणि त्या पायाने रेटा देऊन कंबर उचलायची आणि वळून बसायचं. बसल्यावर थोडा वेळ तिथेच. नाहीच उठता आलं, तर भांडं फरशीवर आपटून आवाज करायचा, हाताला लागेल ते पांघरूण, पायपुसणं, काय मिळेल ते अंगावर ओढायचं आणि बोटं हलवत राहायचं. तुमच्याकडे गळ्यात घालायचं बटण मिळतं, दाबलं की मदत येते. ते लेक घेऊन देतोय तर घे आणि आंघोळीलाही गळ्यातच ठेव. त्यात कमीपणा कसला? ते गळ्यात असलं की तुला बागेत एकटीला जाता येईल.

मी रोज दुपारी भाजी निवडायला मुद्दाम सतरंजीवर बसते. उठताना दिवाणाच्या कडेला धरून उठते. धरायला लागतंय याचं मला काही वाटत नाही. बसायचं सोडलं असतं तर वाटलं असतं.

घराचं म्हणशील तर न्हाणीघर आधी बघ. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, हे लोकांना ती हातात आल्यावर कळतं. भिंतीत ड्रिलने पक्का बसवलेला जाड दांडा हवा, एक कमोडशेजारी आणि एक शॉवरखाली. नुसते हवेने चिकटणारे दांडे नकोत, ओल्या भिंतीवरून ते कधी सुटतील सांगता येत नाही. आंघोळीला बसायची खुर्ची रबरी बुटांची हवी. दाराला आतून कडी नको. रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत मिणमिणता दिवा जळत राहू दे. सुटी पायपुसणी सगळी उचल. घरात मागे पट्टा असलेली सपाट चप्पल घाल, आणि तो घोळदार लांब गाऊन चार बोटं वर दुमडून शिव. तुझ्या त्या लाकडी पायऱ्यांवर खरखरीत पट्टी ठोकून घ्यायला लेकाला एक रविवार पुरेल. आणि हो, चष्मा! वर लांबचं आणि खाली जवळचं असा एकच चष्मा घालून पायरी उतरलं की पायरी खालच्या काचेतून धुरकट दिसते. बाहेर चालायला फक्त लांबचा वेगळा करून घे.

आता गोळ्या. तू बोलता बोलता म्हणालीस की झोप लागत नव्हती म्हणून एक गोळी सुरू केलीय. मला ते ऐकून धस्स झालं. झोपेच्या गोळीची गुंगी पहाटे शौचाला उठताना पायांत असते, हे तू मला सांगायचीस त्या काळी. त्यात ब्लडप्रेशरच्या दोन. डॉक्टरांना सांग, आडवी असताना आणि उभी राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असं दोन्ही वेळा प्रेशर मोजा. वरचा आकडा वीसने उतरत असेल तर चक्कर तिथूनच येतेय. मनाने काहीही बंद करू नकोस, पण सगळ्या गोळ्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ओत आणि विचार, यातली कोणती खरंच लागते. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं, घोटे हलवायचे, मग उभं राहायचं, हे काही तुला नवं नाही.

खाण्याचंही थोडं. एकटीपुरतं असलं की आपण बायका रात्री चहा-खारीवर भागवतो. तुझ्याकडे तर सून करून घालते, तरी तू ‘मला थोडंच’ म्हणत असणार. स्नायू करायला प्रथिनं लागतात, आणि उतारवयात ती कमी नव्हे, जास्त लागतात. किलोमागे एक ग्रॅम तरी, किंचित वरच. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅमच्या पुढे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, म्हणजे वाटीभर आमटीत काही भागत नाही. उसळ, दही, अंडं, मासे, सगळं तुझ्या आवडीचंच आहे. फक्त मूत्रपिंडाची तक्रार नाही ना, तेवढं रिपोर्टवर बघून घे.

माझं इथे कसं चाललंय, असं तू विचारलंस. एकटी आहे, पण कुणाला पत्ता नाही अशी नाही. समोरच्या वहिनींकडे माझी किल्ली आहे. सकाळी सात वाजेपर्यंत माझ्या दारातली दुधाची पिशवी उचललेली दिसली नाही की त्या बेल वाजवतात, आणि त्यांच्या दारातली दिसली की मी. ठरवून ठेवलंय तसं. फ्रिजवर कागद चिकटवलाय, त्यावर रक्तगट, गोळ्यांची नावं, भाच्याचा नंबर आणि ॲम्ब्युलन्सचा 108. ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी नंबर सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. पेन्शनचं अडलं किंवा घरात कुणी छळत असेल तर तिथे बोलता येतं. एसटीचं बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तर झाली की फुकट, त्यामुळे वाई-कऱ्हाड करायला मला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. पैशाच्या बाबतीत एकच पाळते. व्हिडिओ कॉलवर कुणी पोलिसाच्या वेशात येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ म्हणाला की फोन ठेवायचा, कारण अशी अटक कायद्यातच नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 ला फोन.

लेकाशी मात्र भांडू नकोस. त्याची काळजी खरी आहे. आईला अंगणात पडलेली बघितलंय त्याने. त्याला ‘मला काही होत नाही’ असं सांगून पटणार नाही. त्याला काम दे. दांडे बसव, पट्ट्या ठोक, वर्ग शोध, बटण आण. आणि मग स्पष्ट सांग, की हे सगळं झालं की कपडे मी वाळत घालणार आणि कोपऱ्यापर्यंत मी एकटी चालून येणार. मुलं ‘नको’ म्हणतात तेव्हा त्यांना पुढचा रस्ता दिसत नसतो. आपण तो नीट आखून दाखवला की ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे. सगळं स्वतः केलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. कुठली मदत घ्यायची आणि कुठली नाही, हे आपण ठरवलं पाहिजे. तू ते ठरवण्याआधीच खिडकीशी जाऊन बसलीस, म्हणून मला राग आला.

आणि कऱ्हाडच्या घराचं. लेकाच्या नावावर करून टाकू का, असं विचारलंस. त्याच्यावर माझा अविश्वास नाही, पण आत्ता घाईने बक्षीसपत्र करू नकोस. मृत्युपत्र कर, घर तुझ्या नावावर राहू दे. 2007 च्या ज्येष्ठांच्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळवायची तरतूद आहे, त्यासाठी प्रांतांकडे अर्ज करायचा. पण त्यासाठी ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असलेली बरी, आणि आपली माणसं मुलाला घर देताना अट लिहीत नाहीत. इथे आलीस की एका चांगल्या वकिलाकडे जाऊ.

फेब्रुवारीचं तिकीट रद्द करायचा विचार करतेस, तो मनातून काढ. दोन महिने हातात आहेत. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेव. तिथे रांगेत ताकद घालवण्यात काय अर्थ आहे? विमानात मात्र दर तासा-दोन तासांनी उठून फेरी मार, पाय हलवत राहा. इथे आलीस की पहिल्या आठवड्यात राजवाड्यापर्यंत, मग मोती तळ्याला फेरी, आणि जमलं तर चार भिंती. काठी लागली तर काठी घेऊन. आमच्या गटात दोघींकडे आहे आणि त्या सगळ्यांच्या पुढे असतात.

येताना पट्ट्याची चप्पल आण. आणि हे पत्र मिळाल्यावर आजच गोळ्यांच्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठव. झोपेच्या गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅमची ते स्पष्ट दिसेल असा काढ, मागच्या वेळेसारखा दिव्याचा झोत त्यावर पडू देऊ नकोस.

तुझी,
लीला